नाझिब्रोलाची यादी

तिबिलिसीत तीन दिवस? पुरेत, म्हणाली नाझिब्रोला,
आणि वीजबिलाच्या पाठीवर लिहू लागली.

सकाळी गंधकाच्या हमामात जा.
वास अंगाला चिकटेल. चिकटू दे.
कोरड्या पुलावर जुनी पदकं विकतात,
घासाघीस कर,
पण मागे नाव कोरलेलं असेल तर घेऊ नकोस.

जेवायला गुरामच्या तळघरात. पाटी नाही, वास आहे.
खिन्काली देठाशी धर, उलटी कर,
आधी रस्सा ओढून घे.
काटा मागितलास तर माझं नाव सांगू नकोस.
देठं ताटातच ठेवायची, त्यांवरूनच हिशेब होतो.

गुराम मोजताना दोन कमी धरतो.
माझी पूर्वी चार धरायचा.

हे शेवटचं तिनं लिहिलं नाही.
उलट कागदच ओढून घेतला:
भरायचं राहिलंय हे.
पाठ कर.