नववा प्रश्न

भायखळ्याच्या बागेतली माती, सुरंगीच्या मुळाजवळची,
मूठभर. टिश्यूत बांधून नरसाळ्यावर ठेवली
आणि ते रात्रभर आपापल्या वजनाने
खालच्या पाण्यात उतरत राहिले.

सकाळी काचपट्टीवर एक मादी.
वाच्छाबाईंची शिस्त: आधी मोज, मग बघ, नाव शेवटी.
लांबी दीड मिलिमीटर. जाडीने भागली, तेहेतीस.
डोळे नाहीत, फुप्फुस नाही, काळीज नाही.
तोंडाची कुपी पिंपासारखी, आत एक दात.
मग घसा, मग अंगभर आतडं,
आणि त्याला रेलून अंडं, जवळजवळ तिच्याच रुंदीचं.

गण लागला. कुळ लागलं.
जातीपर्यंत जायचं तर आधी प्रजाती,
आणि प्रजाती अडली नवव्या प्रश्नाशी:
दाताचं टोक पुढे की मागे?
तिचं डोकं कलंडलेलं. टोक दिसेना.
समासात बाईंची जुनी पेन्सिल: घाई नको, हर्षला.

भिंग सरकवत शेपटीकडे निघाले होते,
तर आतड्यात, मध्यावर,
एक सुटा दात.
तिचा नव्हे. तिने गिळलेल्या कुणाचा.
बाकी सगळं विरघळलेलं, एवढाच उरलेला,
टोक मागे, लख्ख.

उत्तर मिळालं, पण दुसरीच्या प्रश्नाचं.
की दुसऱ्याच्या; दातावरून नर-मादी कळत नाही.

काचेच्या कडांना नेलपॉलिश फिरवलं,
भुलेश्वरचं, डाळिंबी.
नोंदवहीत एका ओळीला एकच जीव, असा नियम.
नावाची जागा कोरी सोडली
आणि खाली, रेघेबाहेर, लिहिलं:
पोटात आणखी एक.