नाका

राजा हुकूम देतो म्हणून गाव वसत नाही,
बाबा सांगायचे, विडी विझवत.
कुणीतरी रस्त्यावर बांबू आडवा टाकतो,
म्हणतो, थांब, काय नेतोयस?
तेवढ्यानं बांबूच्या एका अंगाला गाव होतं
आणि दुसऱ्या अंगाला रान उरतं.

तो बांबू आमच्या घराण्यानं चार पिढ्या वर-खाली केला.
त्याआधीचं कुणी लिहिलेलं नाही.
उज्जैनहून ओंकारेश्वराला जाणारे बैरागी इथं पाणी पीत,
एका तांड्याच्या बैलाचा खूर सोलला, तांडा अडकून पडला,
खूर भरून येईतो मीठ विकून संपलं,
एवढीच इंदूरची उत्पत्ती आमच्या घरात चालत आली,
तीही दर पिढीला बैलाचा रंग बदलून.

विसाजीपंतांचा नाका खान नदीच्या उताराशी, चिंचेखाली.
त्यांची एक वही माझ्याकडे आहे, निम्मी वाळवीनं वाचलेली:
गूळ, ढेपा सहा. कांबळी, नग चार.
अफू, नाही म्हणतो.
पुढे बोरू थांबलाय. शाईचा एक थेंब.
मग एकदम दुसरी तारीख.

शहर फुगलं की कचेरीतून चिठ्ठी यायची: नाका पुढे न्यावा.
मल्हारगंजाच्या टोकाला नेला,
सहा वर्षांत तिथं न्हाव्यांची रांग.
मग मरीमातेच्या पुढे, ज्वारीत.
गिरणीचा भोंगा तिथवर ऐकू यायला लागला
तेव्हा कुणी न सांगताच आईनं भांडी बांधायला घेतली.
आम्ही राहायचो नाक्यामागच्या खोलीत,
म्युनिसिपालटीचा शेवटचा दिवा असेल तिथं.
"मी इंदुरात नांदले कुठे?" ती म्हणायची.
"इंदूरच्या काठावर नांदले.
दारात उभी राहिले की पाठीशी शहर
अन् समोर तित्तर."

सांवेरकडून धापूबाई यायची, डोईवर चरवी.
दुधाला जकात नव्हती. तुपाला होती.
"काई नी बाबूजी, दूध हे."
पौषातल्या थंडीत चालतानाही
ती चरवी कधी डचमळली नाही.
बाबा वर बघत नसत. लिहीत: दूध.
अकरा वर्षं लिहीत होते.
त्या न लिहिलेल्या तुपातून तिनं बांबूच्या आतल्या अंगाला
तीस बाय चाळीसचा तुकडा घेतला,
शेजारी भाचे आले, भाच्यांचे साडू आले,
एक चक्की, एक सायकलचं दुकान, मारुतीचं देऊळ.
आज तिथं निळी पाटी आहे: धापूनगर.
कोनशिलेवर नाव मात्र कुण्या मंत्र्याचं.

मग जकात उठली. एका कागदानं, मंगळवारी.
बाबांना पाणीपुरवठ्यात बसवलं, पंख्याखाली.
बांबू ते घरी घेऊन आले. कुणी हटकलं नाही,
हटकणारे तेच होते.
आठवडाभर त्यांना झोप नव्हती.
रात्री उठून आईला विचारायचे,
आता हे थांबणार कुठं?

नाहीच थांबलं. राऊपर्यंत गेलं, राऊच्या पलीकडे गेलं,
जिथं तित्तर होते तिथं आता बारा मजली इमारतीवर
तित्तराच्याच नावाची वसाहत आहे, इंग्रजीत.

परवा बायपासवरून परतत होते.
टोलच्या यंत्रानं काचेवरची पट्टी वाचली,
फळी आपोआप वर गेली.
काय नेतेस, कुणी विचारलं नाही.
डिकीत पाच किलो गावरान तूप होतं,
धापूबाईच्या नातसुनेनं बळंच दिलेलं.
मी काच खाली केली
आणि रिकाम्या खोक्याला म्हणाले, दूध आहे.
मागच्यानं हॉर्न वाजवला.

बांबू परसात आहे अजून.
शेजारचे शेवग्याच्या शेंगा पाडायला नेतात,
आठवण झाली तर आणून ठेवतात.