@ नंतर

सातपूरला, कॅन्टीनमागच्या थंड खोलीत
तीन यंत्रं होती, चुकायच्या तीन तऱ्हा.

डॉसला फक्त मागची ओळ आठवायची.
एफ-थ्री दाबलं की अख्खी हजर;
नाहीतर एफ-वननं एकेक अक्षर ओढत
चुकलं तिथवर यायचं,
विहिरीतून दोर ओढावा तसं.

व्हॅक्स खानदानी. वरच्या बाणानं
वीस आज्ञा मागं नेई,
पण मधे काही घालू गेलं
की पुढचं अक्षर गिळून टाकी.

कोपऱ्यातल्या युनिक्सला पडदाच नव्हता, कागद होता.
अक्षर चुकलं तर पुढं #,
ओळच नको तर @.
यंत्र विसरे. शाई कशी विसरेल?

कोठावदेबाईंना तेच आवडे.
"चूक दिसली पाहिजे, गायधनी," म्हणत
आणि खडाखडा # मारत.

त्या सिन्नरच्या शाखेत गेल्या.
सोमवारी रिबन बदलताना मी कागद फाडला.
पगारपत्रकाच्या आज्ञांखाली, शुक्रवार, पावणेसहा:

मेल गायधनी
सहाच्या गाडीआधी सीबीएस###
स्टँडवर चहा घ्याल क@

शुक्रवारी पावणेसहाला मी
समोरच बसलो होतो,
एफ-थ्री दाबत.