अकरा ते बारा

बस, भाग्यलता. खुर्ची नाही, चादरींचा गठ्ठा चालेल.
मी पुण्याचा मॅनेजर आहे असं समज.
पाच महिन्यांपूर्वी होतोही, ते सोड.
स्वतःबद्दल सांग.

नाव, कॉलेज, टक्के त्यांच्याकडे कागदावर आहेत.
‘मी मेहनती आहे’ हेही नको.
तुझी आई दिवसाला हजार विड्या वळते,
तिला कुणी विचारलंय, मेहनती आहेस का म्हणून?

त्यापेक्षा येमुलशेठच्या टॉवेल-दुकानाचा तो बिलाचा प्रोग्राम सांग,
जो शंभराव्या पावतीला मटकन खाली बसायचा.
किती रात्री गेल्या ते सांग,
आणि चूक तुझीच होती, हेसुद्धा.
समोरचा तिथेच कान टवकारतो.

इंग्रजी अडेल. अडू दे.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अशोक चौकात हिंदी,
तीन भाषांत वाढलीस, चौथीला काय लाजायचं?

पगाराचा आकडा वर बघून सांग.

येत नसेल ते ‘येत नाही’ म्हण,
आणि मग गप्प बस थोडी.
धागा तुटला की तुझे बाबा आधी माग थांबवतात,
मग टोक शोधतात.
आम्ही ऑफिसात उलटं करायचो.

शेवटी विचारतील, तुमचे काही प्रश्न?
‘नाहीत’ म्हणू नकोस. हं, विचार.

तिने वही मिटली.
‘सर, तुम्हाला का काढलं?’

मी पाठ केलेलं सुरू केलं:
कंपनीची फेररचना, बाजारातली मंदी…
‘हे कागदावर आहे,’ ती म्हणाली.

खाली गाजुलांचे सहा माग धडधडत होते.
नवीन काम आलं, पोरं शिकली, मी नाही शिकलो.
विचारायची लाज वाटली.
दोन वर्षं.

ती हसली नाही.
‘आता बरं सांगितलंत,’ म्हणाली, आणि वही परत उघडली.

आज अकराला तिची मुलाखत.
चार दिवसांनी नळाला पाणी, तेही अकरालाच.
आई म्हणाली, भरते मी.
गाजुल म्हणाले, तासभर माग बंद ठेवतो.
एका तासाचे टॉवेल किती, हा हिशेब त्यांनी नाही केला,
जिन्यात बसून मी करतोय.

इतकी गप्प ही गल्ली मी कधी ऐकली नव्हती.
घागरीत पडणारं पाणी,
आणि वरच्या खोलीतून तिचा आवाज, स्वच्छ:
‘आय डोन्ट नो, सर.’

मग काही नाही.
मग अजून काही नाही.
मग तीच बोलायला लागते.