पितळ उघडं पडतं तेव्हा

बेनिन सिटीत, इगुन रस्त्यावर,
म्हातारा ओगिएवा भंगार आधी नखानं ओरखडतो,
मग दातानं.
गळका नळ: जस्त फार.
जुन्या पंपाचं बुशिंग: कथील आहे यात, हे कासं,
बाजूला ठेव.
आणि एका दाराची कडी,
माणसं आत-बाहेर करून गुळगुळीत झालेली.

मुशीत सगळं एकजीव होतं, म्हणतात.
कुठलं होतंय!
तांबं अजून वितळतंय तोवर जस्त पळ काढतं,
पांढरा धूर होऊन छपराला चिकटतं.
म्हातारा मूठभर पुन्हा टाकतो,
पंगतीतून रुसून उठलेल्याला
हाताला धरून बसवावं तसं.

नातू इरियेकपेन वही उघडतो:
तांबं किती? जस्त किती?
"ज्वाळा हिरवी होईल इतकं."
पोरगं वही मिटतं.

मेण निघून गेलेल्या पोकळीत रस उतरतो.
मग कुणी मोठ्यानं बोलत नाही.

माझ्या भाषेत पितळ उघडं पडणं
म्हणजे तोंड लपवायची वेळ.
इथं सकाळी हातोडी घेऊन बसतात,
शेजारी चहाचे मग घेऊन जमतात,
मातीचं कवच फुटतं,
आणि खाली तोंडच असतं.
काळवंडलेलं, एका कानाशी जरा फसलेलं.

कडी आणणारी बाई पुढं होते.
अंगठ्यानं गालावरची माती पुसते.
"आईच," म्हणते.
मग जरा थांबून,
"कडी कुठं गेली असेल हो हिच्यात?"

म्हातारा बराच वेळ बघत राहतो.
कानशीवरची धूळ फुंकतो.