मुरदाडशिंग

आत्सोम्पाच्या चढावर, भट्टीशेजारच्या ओट्यावर
ओब्दुलियाबाईंनी भांडी मांडली होती,
पाहुणे बघायला येणार असावेत तशी, पुसूनपासून.
"बंदूक आणलीस?" म्हणाल्या.
दिसायला बंदूकच. चाप ओढायचा,
तीस सेकंद टेकवून धरायची, न हलता.

त्यांची रीत जुनी : टिचकी मारायची, कान लावायचा.
खणखणीत ते पक्कं, बद्द वाजलं की तडा.
मी म्हटलं, हीसुद्धा टिचकीच मारते,
फक्त फार आत.
गाभ्याला खेटून बसलेला एक कण उडतो,
त्याच्या रिकाम्या पाटावर
मागच्या पंगतीतला घसरतो,
आणि घसरताना त्याच्या हातून थोडा उजेड सांडतो.
लोखंडाचा लोखंडासारखा, तांब्याचा तांब्यासारखा.
दुसऱ्याचा उजेड कुणाला सांडता येत नाही.

पहिलं मडकं बिनझिलईचं :
लोखंड, कॅल्शियम, चिमूटभर रुबिडियम.
टेकडीमागचीच माती.
दुसरं हिरवं, शेवाळी,
ज्याच्यासाठी शहरातून गिऱ्हाईक चढून येतं.
पडद्यावर दोन सुळके.
एक साडेदहाच्या जरा पुढे, दुसरा साडेबाराच्या.
शिसं.
तिसरं, शिसं. सातवं, शिसं.

त्या आकडे वाचत नव्हत्या, माझा चेहरा वाचत होत्या.
"मुरदाडशिंगाशिवाय चकाकी कुठून येणार?
सासू माझी उघड्या हातानं कालवायची.
ऐंशी वर्षं जगली."
थांबल्या.
"शेवटची दहा आम्हाला ओळखत नव्हती."
अंगणात नातू, नेमेसियो, तिसऱ्यांदा पहिलीत बसलेला,
कोंबडीची पिल्लं मोजत होता :
एक, दोन, चार. एक, दोन, चार.

मग त्यांनी हात पुढे केला. "इथे लाव."
नखांच्या कडांना चाळीस वर्षांचं हिरवं.
माणसांवर धरायची परवानगी नाही, मी म्हणालो.
ते खरं होतं.
आणि मला पाहायचंही नव्हतं.

संध्याकाळी त्या खिळा-हातोडी घेऊन बसल्या.
बुडाला भोक, आत निवडुंग लावायला.
प्रत्येक घावाआधी एक टिचकी, सवयीनं.
चौदा झाली. पंधरावं, आईचं,
शालीआड आत गेलं.
मी यादीत चौदाच लिहिली.

"घेवडा शिजलाय, खाऊन जा."
अंधार पडला होता.
माझ्या आईचा घेवडाही असाच लागायचा,
किंचित गोड.
कशात शिजवला, विचारलं नाही.
यंत्र पेटीत होतं,
बॅटरी अजून अर्धी शिल्लक.