पाहुण्यांचा पासवर्ड

रौनो म्हणतो, आई, तुझं मशीन मला दिसत नाही.
स्वयंपाकघरातून म्हणतो. मशीन पलीकडच्या खोलीत,
मध्ये एक भिंत आणि विटांची भट्टी.
मी म्हणते, मला दिसतंय. त्यावर मांजर बसलंय.

तो हसत नाही. अकरा वर्षं पर्थमध्ये राहून
माणूस उन्हाला सरावतो,
आईच्या थट्टेची सवय मोडते.

त्याला एकच फोल्डर हवंय: हेइनोचे बर्फाचे आवाज.
नवरा माझा बंदरावर बर्फाची जाडी मोजायचा,
मग त्याच भोकात मायक्रोफोन सोडून बसायचा
थर्मासमधला चहा संपेपर्यंत.
दोनशे बारा जीबी.
हयातीत माझ्याशी दोन जीबी तरी बोलला असेल की नाही,
शंकाच आहे.

रौनो पत्ते तपासतो, फायरवॉल पाडतो, पुन्हा उभी करतो,
सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकतो,
मशीनला चार हाका मारतो. चारही वाया.
नेट तर दोन्हीकडे धावतंय, पुटपुटतो,
पर्थचं हवामान दिसतं,
शेजारची खोली दिसत नाही.

एकतीस वर्षं मी हाप्सालूच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली.
सुरुवातीला तर हाताने जोडायचो,
एकाची दोरी दुसऱ्याच्या खाचेत.
लाइन जिवंत, पण आवाज पोचत नाही,
तेव्हा तारेला बोल लावू नये. बोर्डाकडे बघावं.
जोडणाऱ्या बाईकडेही.

मी फ्रिजवरची चिठ्ठी बघितली.
माझंच अक्षर. शनिवारी तो आला,
बूट काढायच्या आत पासवर्ड मागितला
आणि मी दिला तो
उन्हाळ्यात वरची खोली भाड्याने घेणाऱ्या फिनिश लोकांचा.
पाहुण्यांचं नेटवर्क.
त्यातून साऱ्या जगाकडे जाता येतं,
घरातल्या घरात एकमेकांकडे नाही.
बिघाड नाही तो. तशी सोयच आहे.

काही न बोलता दुसरा पासवर्ड लिहून दिला.
त्याच्या शेवटी त्याचं जन्मसाल आहे.
तो टाइप करत गेला, मध्येच थांबला,
मग उरलेले दोन आकडे.

दिसलं मशीन. पण वेग सेकंदाला दोन एमबी,
एकोणतीस तास लागतील म्हणे,
आणि टालिनची बस सातला.
भट्टी आडवी येतेय, मी म्हटलं. सासऱ्यांनी बांधलेली,
पोटात लोखंडी पत्रे. ऊब पलीकडे सोडते,
बाकी काही सोडत नाही.

माळ्यावरची केबल काढली,
एका जागी दारात चेंगरून चपटी झालेली.
दोन्ही टोकं खट्कन बसली. अकरा एमबी.
हजारावर जायला हवी, शंभरावर अडलीय, तो म्हणतो,
आठ तारा असतात, एखादी तुटली असणार.
आता चारांवरच चाललंय.
चालतंय ना, मी म्हणते.
नवी केबल असती तर अर्ध्या तासात उरकलं असतं.
असती तर, मी म्हणते.

पाच तास वीस मिनिटं.
बटाटे सोलून झाले. त्याने घर विकल्याचं सांगितलं,
कोणतं ते मी विचारलं नाही, मग विचारलं.
मधूनच एखादी फाइल उघडून ऐकत होता:
सत्त्याऐंशीचा मार्च, खरखर,
खोलवर काहीतरी तडकत जाणारं,
आणि जवळच कुणीतरी नाक ओढलेलं.
बाबा, तो म्हणाला.
हो, त्याला कायम सर्दी.

सूप वाढलं तसा तो चमचे घ्यायला उठला.
मी म्हणणारच होते, वरचा ड्रॉवर, वरचा,
पण त्याने खालचा ओढला.
टॉवेलांशेजारी पिवळी केबल,
वेटोळ्यावरचा कागदी पट्टा अजून न फाडलेला.

ड्रॉवर जरा जास्तच वेळ उघडा राहिला.
मग त्याने तो कमरेने ढकलून लावला,
वरच्यातून दोन चमचे काढले,
पडद्याकडे वळून बघितलं.
चौतीस टक्के, म्हणाला.
आणि सुपात मीठ कमी आहे.